पहिला चेहरा

मागच्या महिन्यात आमच्याकडे नातीचं बारसं झालं. नाव काय ठेवायचं यावर घरात पंधरा दिवस नुसता गोंधळ चालू होता. आत्याला एक हवं, मामीला दुसरं, आणि आईबाबांनी तर नऊ महिन्यांपूर्वीच ठरवून टाकलेलं! शेवटी अर्थातच त्यांचंच खरं झालं. घुगऱ्या वाटून झाल्या, पाळणा म्हणून झाला आणि मग लेकाने दाखल्यासाठी नाव कसं लिहायचं ते कागदावर लिहून दाखवलं. आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी आपल्या महाराष्ट्रात हाच क्रम आहे. आमच्या पंच्याऐंशी वर्षांच्या काकूंनी चष्मा पुसून तो कागद दोनदा वाचला. काही बोलल्या नाहीत, पण कागद मात्र बराच वेळ हातातच धरून बसल्या.

मग बायकांच्या गप्पा सुरू झाल्या त्या कोण कुठे जन्मलं यावर. काकूंची तिन्ही मुलं बर्डीवरच्या मातृसेवा संघातली. मी तिथलीच, माझी नणंद तिथलीच, दोन चुलत बहिणी तिथल्याच. जुन्या नागपूरकरांच्या कुठल्याही घरात विचारून बघा, निदान एक तरी मातृसेवा संघातलं निघेलच. सुनेने सहज विचारलं, हा संघ काढला कोणी? कुणी म्हणालं मिशनने, कुणी म्हणालं सरकारने. काकूंनी नाव सांगितलं, कमलाताई होस्पेट. तरुण मंडळींच्या चेहऱ्यावर ओळखीची खूण नाही. मला अगदी ओशाळल्यासारखं झालं. जिच्या दारात आपण जन्मलो ती बाई आपण आपल्या मुलींना कधी सांगितलीच नाही. म्हणून आज हा प्रपंच.

तर ही गोष्ट सुरू होते १८९६ सालापासून. त्या वर्षी २३ मे रोजी खानदेशातल्या शिरपूरला मोहोनींच्या घरी मुलगी झाली. तिचं नाव यमुना. त्याच वर्षी जून महिन्यात पुण्याला अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी अनाथ बालिकाश्रमाची सुरुवात केली. शिरपूरच्या पाळण्यातल्या मुलीचा त्या बातमीशी काय संबंध? तेव्हा काहीच नव्हता. पण पंधरा वर्षांनी ही मुलगीही त्याच वाटेवर येऊन उभी राहणार होती.

आपल्याकडे पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी काय ते लिहून जाते म्हणतात. शास्त्र याबद्दल वेगळं सांगतं, पण तेही ऐकण्यासारखं आहे. नवजात बाळाला लांबचं दिसत नाही. साधारण वीत-सव्वा वीत अंतरावरचं तेवढं दिसतं, म्हणजे कुशीत घेणाऱ्या माणसाचा चेहरा! आणि बाळ दुसऱ्या कशाहीपेक्षा चेहऱ्याकडे जास्त बघतं. पाच-सहा महिन्यांचं झालं की आपल्या नावाला मान वळवतं. दीड-दोन वर्षांपर्यंत आरशातलं मूल म्हणजे दुसरंच कोणीतरी वाटतं. संशोधकांनी यासाठी एक सोपी युक्ती केली. मुलाच्या नकळत नाकाला रंगाचा ठिपका लावायचा आणि आरशासमोर बसवायचं. लहान बाळ आरशातल्या ठिपक्याला हात लावतं. दीड-दोन वर्षांचं मूल मात्र स्वतःच्या नाकाला हात लावतं. आपण गालाला तीट लावतो तसाच हा प्रकार. त्या दिवशी मुलाला कळलेलं असतं की हा आरशातला मीच.

पण त्याआधीची दीड वर्षं बाळाचा आरसा कोणता? तर भोवतालची माणसं. आईचा चेहरा फुलला की बाळाला वाटतं मी छान आहे. तोंडं फिरली की वाटतं माझं काहीतरी चुकलं. मला वाटतं ही गोष्ट पाळण्यात संपत नाही. मी कोण, याचं उत्तर आपण मोठेपणीही लोकांच्या चेहऱ्यावरच तर वाचत असतो! खरं की नाही?

यमुना बारा वर्षांची झाली आणि तिचं लग्न झालं. नवऱ्याचं नाव गुरुराव होस्पेट. मुलीच्या बाबतीत बारा वर्षांची रेघ १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने आखून दिली होती. लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा यायला १९२९ उजाडायचं होतं. म्हणजे त्या काळाच्या मानाने यात जगावेगळं असं काहीच नव्हतं. ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव काढायचं, ही आपली रीत. यमुना मोहोनीची कमला होस्पेट झाली. बारा वर्षं जिला हाक मारली की वळून बघायची सवय लागली होती, ती हाक एका दिवसात बंद. आज सहावीतल्या मुलीच्या वहीवर कुणी नाव चुकीचं लिहिलं तरी ती हिरमुसते. तेव्हा तर नाव, आडनाव, गाव, घर, सगळंच बदलायचं आणि त्याबद्दल पेढे वाटायचे.

लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच गुरुराव गेले. कमला तेव्हा पंधरा वर्षांची.

त्या काळच्या पांढरपेशा घरातल्या बालविधवेचं आयुष्य कसं असे, हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. आमच्या महालातल्या घरात माझ्या वडिलांची आत्या होती. लाल आलवण, डोक्यावरून पदर. घरातलं पहाटेपासूनचं सगळं काम तिच्याकडे, पण हळदीकुंकवाच्या दिवशी ती मागच्या खोलीत. बाहेर निघालेल्या माणसाला ती समोर येऊ नये म्हणून ती स्वतःच दाराआड थांबायची. कुणी तिला तसं सांगत नसे, सांगायची गरजच उरली नव्हती. आम्ही मुलं तिच्या अंगाखांद्यावर वाढलो. पण घरात कुणाचं लग्न, डोहाळजेवण, बारसं निघालं की ती दिसेनाशी व्हायची. आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो. माझे आजोबाही, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, तिला आत्याच म्हणायचे.

विधवेचं तोंड सकाळी बघू नये, असं मानणारा तो समाज होता. चेहरा हाच माणसाचा आरसा असेल तर ज्या मुलीकडे बघून रोज शंभर चेहरे फिरतात, तिने स्वतःला काय समजावं? १८५६ पासून पुनर्विवाहाला कायद्याची परवानगी होती. कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी, म्हणजे एका बालविधवेशी, लग्न करून ते प्रत्यक्षात करूनही दाखवलं होतं. पण कायदा कागदावर असतो आणि नजरा घरात असतात.

एरिक एरिक्सन नावाचे एक मोठे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. १९५० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी जन्मापासून म्हातारपणापर्यंत माणसाच्या घडणीचे आठ टप्पे मांडले. त्यात किशोरवयाचा टप्पा आहे तो मी कोण या प्रश्नाचा. एरिक्सन म्हणतात की या वयात मुलांना थोडा वेळ, थोडी मोकळीक मिळाली पाहिजे. हे करून बघ, ते सोडून दे, चुका कर, आणि मग स्वतःचं उत्तर शोध. गंमत म्हणजे या माणसाला आपला जन्मदाता कोण हे कधीच कळलं नव्हतं. सावत्र वडिलांचं होम्बर्गर हे आडनाव ते लावत. १९३९ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी स्वतःच नवं आडनाव घेतलं. एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा. स्वतःचाच मुलगा!

कमलेला ही मोकळीक कोण देणार? बाराव्या वर्षी समाजाने सांगितलं, तू अमक्याची बायको. पंधराव्या वर्षी सांगितलं, तू विधवा. प्रश्न विचारायच्या आधीच दोन उत्तरं हातात, आणि दुसरं तर जन्मभरासाठी. आमच्या आत्याने तेच उत्तर घेतलं आणि सत्तर वर्षं सांभाळलं. तिला दोष कसा द्यायचा? तिच्यापुढे दुसरा कागदच कुणी ठेवला नाही.

कमलाताईंनी तो कागद स्वतः पुढे ओढला. १९१८ च्या सुमारास, म्हणजे बाविसाव्या वर्षी, त्या नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलमध्ये परिचारिकेचं आणि सुईणपणाचं शिक्षण घ्यायला दाखल झाल्या.

आज नर्सिंगला जाणं म्हणजे चांगली नोकरी. तेव्हा ते काय होतं, हे समजून घ्यायला हवं. बाळंतपण म्हणजे विटाळ. घरात मूल झालं की दहा दिवस सोयर. सुईणीचं काम गावकुसाबाहेरच्या, नाहीतर गरीब घरच्या बायकांकडे. तिच्या हातावर मुलाचा जन्म सोपवायचा, पण तिच्या हातचं पाणी घ्यायचं नाही, असा आपला न्याय! बाळंतिणीची खोली अंधारी, दारंखिडक्या बंद, खाली शेगडीचा धूर, अंगाखाली जुनेरं. नाळ कापायला हाताशी येईल ते पातं. त्यातून धनुर्वात व्हायचा आणि आठ-दहा दिवसांचं बाळ हातचं जायचं. त्या काळात आपल्या या मध्य प्रांतात हजारातली दोनशेच्या आसपास मुलं वर्षाची व्हायच्या आत जात. किती बायका बाळंतपणात गेल्या त्याला तर गणतीच नाही. एकदा जन्मखोलीत गेलेली बाई परत आली की दुसरा जन्म झाला म्हणायचे, ते उगाच नाही. आणि दवाखान्यात जावं तर पुरुष डॉक्टर, गोरी मंडळी, परकी भाषा. घरंदाज बाई त्या पायऱ्या चढायचीच नाही.

अशा कामात एका तरुण विधवेने स्वतःहून शिरायचं म्हणजे घरच्या-दारच्या नजरेत दुप्पट उतरायचं. त्यात १९१८ चं साल. त्या वर्षीच्या इन्फ्लुएंझाच्या साथीने देशात सगळ्यात जास्त हाहाकार केला तो ज्या प्रांतांत, त्यांत आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड अगदी वरच्या क्रमांकावर होता. घरोघर माणसं जात होती. त्या दिवसांत रुग्णसेवा शिकणं म्हणजे काय, हे कोविड पाहिलेल्या आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

डफरिनमध्येच त्यांना वेणूताई नेने भेटल्या. दोघी शिकल्या, हाताने काम केलं. ज्या बायकांना दवाखान्यात यायची भीती वाटते त्यांच्यासाठी आपलीशी वाटेल अशी जागा हवी, हे दोघींना जाणवलं. १९२० च्या डिसेंबरात नागपूरला काँग्रेसचं मोठं अधिवेशन झालं आणि असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झालं. स्वराज्य, स्वदेशी, आपलं आपण उभं करायचं, ही हवा गावभर होती. पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, कमलाताई आणि वेणूताईंनी सीताबर्डीवर लहानशा जागेत बायकांसाठी प्रसूतिगृह सुरू केलं. तोच मातृसेवा संघ.

आता मला सगळ्यात जास्त भावणारी गोष्ट सांगते. नवजात बाळाला वीतभर अंतरावरचा चेहरा दिसतो, हे वर सांगितलं. बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा त्याला उचलतं कोण? पुसून, गुंडाळून, रडवून, जवळ धरून बघतं कोण? आई तर तेव्हा दमून पडलेली असते. उचलते ती सुईण, नर्स. म्हणजे ज्या बाईला बारशाला बोलवू नये, जिने डोहाळजेवणात पुढे येऊ नये, सकाळी जिचं तोंड बघू नये असं शास्त्र सांगणारे सांगत होते, तशा एका बाईचा चेहरा नागपूरची कितीतरी बाळं या जगात आल्या आल्या सर्वांत आधी पाहत होती! अपशकुन मानलेला चेहराच शुभ झाला. लोकांनी कळा सोसणाऱ्या लेकीसुनांना याच दारात आणून सोडलं आणि घरी जाताना याच बाईच्या पाया पडवलं. त्यांनी कुठे मोर्चा काढला नाही की विधवांच्या हक्काचं भांडण मांडलं नाही. कामच असं निवडलं की बघणाऱ्यांना नजर बदलावी लागली.

लहानपणी माणूस दुसऱ्यांच्या चेहऱ्यात स्वतःला शोधतो, हे खरं. पण मोठं होणं म्हणजे काय, तर आपण दुसऱ्यासाठी तसा चेहरा होणं. माझ्या मते कमलाताईंच्या आयुष्याचं सार एवढंच आहे.

पुढचं काम कसं वाढत गेलं हे नागपूरकरांनी पाहिलेलंच आहे. महालात शाखा निघाली, विदर्भात आणि विदर्भाबाहेरही निघाल्या. परिचारिकांच्या शिक्षणाची सोय झाली. ज्या मुलांची समज वयाबरोबर वाढत नाही, त्यांच्यासाठी नंदनवन उभं राहिलं. १९५८ मध्ये समाजकार्याचं शिक्षण देणारी संस्था निघाली. म्हाताऱ्या माणसांसाठी पंचवटी वृद्धाश्रम झाला. ही सगळी नावं मी कितीदा ऐकली होती, पण एका ओळीत कधी मांडून पाहिली नव्हती. मांडली आणि नवल वाटलं. नुकतं जन्मलेलं बाळ, वेगळ्या गतीने वाढणारं मूल, करिअर शोधणारी तरुण मुलगी, एकटं पडलेलं म्हातारपण. एरिक्सन यांचे टप्पेच म्हणा ना! माणसाला आपण कोणीतरी आहोत असं वाटणं जिथे जिथे कठीण जातं, त्या प्रत्येक वळणावर संघाचं एक दार उघडं होतं.

१९६१ मध्ये भारत सरकारने कमलाताईंना पद्मश्री दिली. १९८१ च्या नोव्हेंबरात, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या.

त्यांच्या नावाकडे जरा बघा. कमला हे सासरचं, होस्पेट हेही सासरचं. ज्यांच्याशी तीन वर्षांचा संसार झाला त्यांचं आडनाव त्यांनी पुढे सत्तर वर्षं लावलं. काही जणींना वाटेल, मग यमुना कुठे राहिली? मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण विचार केला तेव्हा ध्यानात आलं. आज नागपुरात होस्पेट म्हटलं की कुणी गुरुरावांची बायको म्हणत नाही. कमलाताईच आठवतात. मिळालेलं नाव त्यांनी टाकलं नाही, पण त्यात भरलं ते सगळं स्वतःचं. आणि ताई हे तर लोकांनीच दिलं. एरिक्सननी नवं आडनाव घेऊन जे केलं, तेच या बाईने जुनं आडनाव ठेवून केलं. नाव बदलावं की ठेवावं, हा आजच्या मुलींचा आवडता वाद. त्यांना सांगावंसं वाटतं, दोन्ही ठीक आहे ग, पण आत काय भरताय ते बघा.

आमची आत्या कमलाताईंच्याच वयाची. महाल आणि बर्डी यांत अंतर ते किती, टांग्याने गेलं तर अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासाच्या अंतरात दोन आयुष्यं किती लांब जाऊन पडली! आत्या गेली तेव्हा मी शाळेत होते. मृत्यूची नोंद करायला वडील निघाले आणि दारातच थांबले. आत्याचं नाव काय? माझे आजोबा तेव्हा हयात नव्हते. आजीला सासरचं आडनाव आठवलं, नाव काही केल्या आठवेना. शेजारी विचारून झालं, जुन्या पोथ्या चाळून झाल्या. शेवटी काहीतरी अंदाजाने लिहिलं असावं. मला आठवतो तो वडिलांचा चेहरा. ज्या बाईने त्यांना न्हाऊमाखू घातलं तिचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

पुढे कितीतरी वर्षांनी घराच्या वाटण्या झाल्या. भांड्यांच्या ढिगातून एक लहानसं पितळी फुलपात्र निघालं. काळं पडलेलं, काठाला पोचा. चिंचेने घासलं तर त्यावर बारीक ठोक्यांनी नाव कोरलेलं होतं. गोदावरी. आमच्या सात पिढ्यांत दुसरी गोदावरी नाही. रुखवतात आलेलं असणार. सासरचं की माहेरचं, कोण जाणे, पण तिचंच.

बारशाच्या दिवशी मी ते फुलपात्र घासून पाळण्याशी ठेवलं होतं. नव्या बाळाच्या नावाचा कागद वाचता वाचता काकूंचं त्याकडे लक्ष गेलं. त्यांनी ते उचललं, डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं, आणि कागद त्याखाली नीट घडी घालून ठेवला. वाऱ्याने उडू नये म्हणून, असं म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात अशी कोणी काकू, मावशी, आत्या, माई असेल, जिला सगळे नात्यानेच हाक मारतात. आज संध्याकाळी फोन करून तिचं पाळण्यातलं नाव विचारून घ्या. आणि जमलं तर एकदा त्या नावाने हाक मारून बघा.